मोठ्या हॉटेलात जेवायला जाताय? ट्रायल बसून घ्या

माझ्या दुकानात आरशासमोर एक लाकडी स्टूल आहे. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, ते मला काज-बटणाला बसायला लागतं. पॅन्टची ट्रायल झाली, आरशात पुढून-मागून बघून झालं, की मी म्हणतो, "आता जरा बसा." माणूस बसतो आणि त्याचा चेहरा बदलतो. उभ्याने झकास दिसणारी पॅन्ट मांडीत करकचते, मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, नडगीवर चढते, शर्टाची पोटावरची दोन बटणं डोळे वटारून बघायला लागतात. माझं खरं काम तिथून सुरू होतं.

हे स्टूल माझ्या स्वतःच्या फजितीतून आलं. धाकटीने पहिल्या पगारातून आम्हा दोघांना पंचतारांकित हॉटेलात जेवायला न्यायचं ठरवलं. मी दादरला चौतीस वर्षं जेन्ट्स टेलर आहे, त्यामुळे विकत काही घ्यायचा प्रश्नच नव्हता. नेव्ही ब्लू टेरीवूलचं कापड काढलं आणि स्वतःसाठी बंद गळ्याचा कोट शिवला. गळ्याचं माप घेतलं ते ताठ मानेने, स्टुडिओत फोटोला उभं राहिल्यासारखं. आरशात राजा दिसत होतो. हॉटेलात खुर्चीवर बसलो, कोटाचा घेर सीटला टेकला, कोट वर सरकला आणि कॉलर थेट हनुवटीखाली येऊन बसली. सूप आलं. मान वाकेना. चमचा तोंडाकडे आणायचा तर कोपर खांद्याच्या रेषेत न्यावं लागत होतं. पोरगी हळूच म्हणाली, "बाबा, हुक काढा ना." शिंप्याने स्वतः शिवलेल्या कोटाचा हुक चारचौघांत काढायचा? अर्धा तास तसाच बसलो. शेवटी बिर्याणीने माघार घ्यायला लावली. हुक काढला, खालची दोन बटणंही काढली, आणि मग कुठे घास खाली उतरला.

तेव्हापासून माझं हेच म्हणणं आहे की जेवणाचे कपडे म्हणजे दोन-अडीच तास बसायचे कपडे. तुम्ही उभे दिसता ते दारापासून टेबलापर्यंत, वीस पावलं. बाकी सगळा वेळ समोरच्याला तुमचा गळा, खांदे, बाह्या आणि हात एवढंच दिसतं. आणि तुम्हाला मात्र कंबर, मांडी आणि पाय जाणवत राहतात.

पण कपाट उघडायच्या आधी फोन करा. टेबल राखून ठेवताना विचारायचं, "ड्रेस कोड काय आहे?" नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, "स्मार्ट कॅज्युअल, सर." याने कोणाचंही समाधान होऊ नये. नेमकं विचारा: कुर्ता-पायजमा चालतो का, कोल्हापुरी किंवा सँडल चालते का, बरोबरच्या मुलाने हाफ पॅन्ट घातली तर काय. फोनवरच्या माणसाला या प्रश्नांची सवय असते, लाजायचं काही कारण नाही. ढोबळमानाने स्मार्ट कॅज्युअल म्हणजे पुरुषांसाठी कॉलरचा शर्ट, फुल पॅन्ट, पाय झाकणारे बूट. टाय लागत नाही. कोट असला तर शोभतो, नसला तर कोणी परत पाठवत नाही. हाफ पॅन्ट, बिनबाह्यांचा टी-शर्ट, रबरी स्लिपर या तीन गोष्टींवर मात्र रात्रीच्या वेळी बहुतेक चांगल्या ठिकाणी दारातच अडवतात. "फॉर्मल" म्हणाले तर कोट किंवा बंद गळा. आणि आमंत्रणावर "ब्लॅक टाय" छापलेलं असेल तर ते वेगळंच प्रकरण, साटीनच्या कॉलरचा काळा डिनर जॅकेट आणि बो टाय. आपल्याकडे त्या जागी काळा बंदगळा सर्रास चालतो आणि माझ्या मते जास्त चांगला दिसतो. अर्थात गळ्याचं माप नीट घेतलं असेल तर.

पायांचं आधीच विचारा म्हणतो त्याला कारण आहे. या देशात पायांवरून आणि धोतरावरून बरंच रामायण झालंय. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबात एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आले म्हणून प्रवेश नाकारला होता. तेव्हा ते देशातल्या सर्वांत नावाजलेल्या चित्रकारांपैकी होते. चेन्नईत २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिथलं धोतर, नेसली म्हणून क्लबात शिरू दिलं नाही, तर तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदा करून वेष्टीवरची असली बंदी मोडीत काढली. २०२१ मध्ये दिल्लीच्या एका रेस्टॉरंटात साडी "स्मार्ट कॅज्युअल"मध्ये बसत नाही असं कोणीतरी म्हणालं आणि देशभर गदारोळ झाला. २०२५च्या जूनमध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल रॅम्पवर चालवली. आपली खरी कोल्हापुरी घेऊन आपल्याच गावात जेवायला जाताना मात्र फोन करावा लागतो. करा. दारात वाद घालून मग जेवलेलं अंगी लागत नाही.

आता कपडे. नवे घेऊ नका. हे टेलर सांगतोय म्हणजे बघा. लग्नात शिवलेली, ऑफिसच्या समारंभात घातलेली एखादी गडद पॅन्ट घरात असतेच. ती घाला, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसा आणि हाताची घडी टेबलावर ठेवून पुढे वाका, ताटाकडे वाकतो तसं. पोटात कुठेही रुततंय? मग जेवण झाल्यावर काय होईल याचा विचार करा. कंबर उभ्याने बरोबर असेल तर बसून ती एखादा इंच तरी कमी पडते, पोट पुढे येतं म्हणून. पॅन्ट उलटी करून मागची मधली शिवण बघा. शिंप्याने शिवलेली असेल तर तिथे आत इंच-दीड इंच कापड दुमडलेलं सापडेल. आम्ही त्याला माया म्हणतो. ती उसवून सोडली की कंबर सैल होते, माझ्याकडे दीडशे रुपये आणि एक दिवस. रेडीमेडमध्ये माया जेमतेम असते, कधी नसतेच, तिथे मी हात वर करतो. मांडीत घट्ट असेल तर तिथेही शिवणीत बघावं लागतं, पण मांडीची माया फार थोडी असते. ती पॅन्ट भावाला द्या.

मोहरीचं म्हणाल तर हल्लीची बारा-तेरा इंची मोहरी बसल्यावर पोटरीला चिकटते आणि उठल्यावर खाली येत नाही. तुम्ही टेबलावरून उठता, सगळे बघतात आणि एक पाय मोज्यापर्यंत उघडा. पंधरा ठेवा. चापूनचोपून शिवलेल्या पॅन्टची हौस ज्यांना आहे त्यांनी ती पिक्चरला घालावी.

शर्ट साधा, पांढरा किंवा फिकट निळा. कापड चांगलं पाहिजे, चमकणारं नको. वरच्या दिव्याखाली चमक शर्टावर नाही, तुमच्या घामावर असल्यासारखी दिसते. बसून बटणांमध्ये फट पडते का बघा. पडत असेल तर बटण सरकवून उपयोग नाही, शर्ट लहान झालाय. कॉलरचं वरचं बटण लावून आत दोन बोटं शिरली पाहिजेत. कोट घातला तर शर्टाचा कफ कोटाच्या बाहीतून अर्धा इंच बाहेर दिसायला हवा. जेवताना हेच मनगट सारखं पुढे येतं, म्हणून हा अर्धा इंच महत्त्वाचा. कफ मळका असेल तर बाकी हजारो रुपये पाण्यात.

कोट उसना आणणार असाल, आणि अनेक जण आणतात, तर फक्त खांदा बघा. खांद्याची शिवण तुमच्या हाडापाशी संपली पाहिजे. बाही कमी करता येते, कंबर आत घेता येते, लांबी एखादा इंच खेळवता येते, पण खांदा उसवणं म्हणजे अख्खा कोट उसवणं. आम्ही ते काम घेत नाही, घेतलं तर नवीन कोटाएवढे पैसे सांगतो. दोन बटणांच्या कोटाचं वरचं बटण उभं असताना लावायचं, बसताना काढायचं. खालचं कधीच लावायचं नाही. इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचं पोट सुटलं म्हणून त्याने खालचं बटण सोडलं आणि दरबाराने री ओढली, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी देव जाणे, पण कोट कापताना आम्हीही ते बटण लागणार नाही असंच धरून कापतो. लावलं की घेर ओढला जातो.

दुकानातून आणलेला नवा कोट असेल तर मागे पल्ल्याच्या चिरेवर दोऱ्याची एक फुली मारलेली असते. ती कोट दुकानात लटकून बिघडू नये म्हणून असते, डिझाइन नसते. तसंच डाव्या बाहीवर कंपनीचं नाव शिवलेलं कापड. दोन्ही काढायचं. मी दर लग्नसराईत किमान दहा माणसं फुलीसकट हिंडताना बघतो आणि हात शिवशिवतात. ब्लेड वरून चालवू नका, कापड जातं. फुली उलट्या बाजूने बघा, मधल्या दोऱ्याखाली सुईचं टोक घालून उचला, कात्रीच्या टोकाने तेवढाच दोरा कापा, मग चिमटीने ओढा. बाहीच्या लेबलाचंही असंच, एकेक टाका. उरलेली भोकं ओल्या फडक्यावरून हलकी इस्त्री फिरवली की मिटतात.

कुर्ता घालणाऱ्यांना माझा पाठिंबा, बसायला त्याच्यासारखं काही नाही. फक्त खळ घातलेला कडक सुती कुर्ता टाळा. टॅक्सीतून उतरेपर्यंत मागे अशा चुण्या पडतात की झोपून आलात असं वाटतं. सिल्क-कॉटन घ्या. वर जॅकेट असेल तर बसल्यावर त्याची सगळी बटणं सोडा, नाहीतर ते गळ्याशी कासवासारखं फुगतं.

बायकांच्या कपड्यांबद्दल मी बोलावं असा माझा अधिकार नाही, ते खातं आमच्या हिचं. ती घरी ब्लाऊज शिवते आणि हे लिहायला बसलो तेव्हा तिने मला तीन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या. पहिली, ब्लाऊजचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर. घट्ट मुंढ्याचं ब्लाऊज घालून ग्लास उचलून बघा, उजवा हात, मग डावा. काखेत ओढ बसली तर रात्रभर हात अंगाशी चिकटवून जेवाल. दुसरी, पदर. मोकळा सोडलेला पदर फोटोत सुंदर, टेबलावर तो पहिल्यांदा डाळीत जातो. पदराच्या निऱ्या घालून खांद्यावर पिन करा, आणि मोकळाच ठेवायचा असेल तर बसल्याबरोबर उजव्या बाजूने मांडीवर घेऊन त्यावर नॅपकिन अंथरा. तिसरी, पैठणी. "पैठणी नेस, पण जिथे सूप नाही तिथे," असं ती म्हणते. पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा विणलेला असतो, मागे लोंबणारा धागा नसतो, म्हणूनच तो इतका देखणा दिसतो. पण खऱ्या जरीत बांगडीची कड अडकली की धागा निघतो, आणि एक थेंब तेल पडलं की येवल्याची सगळी मेहनत ड्रायक्लीनरच्या हातात. तिची स्वतःची पसंती माहेश्वरीला, रेशीम-सुताची, अंगावर हलकी, काठ बेताचा. वर खणाचं ब्लाऊज. ड्रेस घालणाऱ्यांनीही बसून बघावंच. गुडघ्याच्या वर किती जातो ते उभ्याने कळत नाही.

आणि सगळ्यांनी एक शाल किंवा स्टोल जवळ ठेवा. या हॉटेलांत एसी असा असतो की मे महिन्यात दात वाजतात.

बूट. इथे लोक सगळ्यात जास्त मार खातात. काळे बूट लग्नानंतर खोक्यात घालून माळ्यावर ठेवलेले असतात. वरून चामडं छान दिसतं, पण तळ पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा असेल तर मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं न घालता पडलेला हा तळ आतून कुजतो आणि चालायला लागलं की बिस्किटासारखा चुरा होतो. एका गिऱ्हाइकाचा हॉटेलच्या संगमरवरावर झाला, मागे काळ्या चुऱ्याची पायवाट. म्हणून आठवडाभर आधी काढा, घरात तासभर घालून हिंडा. पॉलिश आदल्या रात्री, सकाळी नाही, म्हणजे वास उडतो. मोजे पॅन्टच्या रंगाचे आणि पोटरीच्या वरपर्यंत येणारे. आखूड मोजा आणि पायावर पाय, मधल्या पट्ट्यात उघडी केसाळ नडगी, हे दृश्य समोर बसलेल्याला का दाखवायचं? पांढरे मोजे शाळेच्या पीटीला. स्वच्छ पांढरे स्नीकर हल्ली बऱ्याच ठिकाणी चालतात, पण "स्वच्छ" हा शब्द दोनदा वाचा.

वासाचं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. कपाटातून काढलेल्या कोटाला डांबरगोळीचा वास येतो. घरी तो कळत नाही, नाकाला सवय असते. बंद, थंड खोलीत शेजारच्या टेबलापर्यंत जातो. दोन दिवस आधी कोट सावलीत वाऱ्यावर टांगा. उन्हात नको, रंग उडतो. आणि तो वास मारायला वरून अत्तराचा फवारा मारू नका, मग डांबरगोळी आणि गुलाब दोन्ही मिळून जेवायला बसतात. अत्तर लावायचंच तर मनगटावर एक बोट.

आता पोचायचं कसं? दक्षिण मुंबईतल्या टेबलासाठी निम्मी जनता लोकलनेच येते, मीही तसाच गेलो होतो. संध्याकाळी सातच्या गाडीत कोट अंगावर घालून उभं राहणं म्हणजे इस्त्रीचे पैसे रुळांवर टाकणं. कोट घडी घालून पिशवीत न्या. घडी अशी: कॉलरला धरून कोट समोर उभा धरा. डावा खांदा आतून मूठ घालून उलटा करा, अस्तर बाहेर येईल असा. आता उजवा खांदा तसाच सुलटा ठेवून त्या उलट्या खांद्याच्या पोटात बसवा, टोपीत टोपी बसवल्यासारखा. बाह्या आत गेल्या, अस्तर बाहेर आलं. मग मधून एकच आडवी घडी, आत एक टर्किश टॉवेल गुंडाळून, म्हणजे वळ पडत नाही. चर्चगेटला उतरून स्टेशनबाहेर दोन झटके द्या आणि घाला. पावसाळ्यात बूटही पिशवीत, पायात प्लास्टिकची चप्पल, हॉटेलच्या एक गल्ली आधी टॅक्सीत बदला. चप्पल गुंडाळायला वर्तमानपत्र न्या.

टेबलावर बसलात की नॅपकिन मांडीवर. काळ्या टेरीवूलच्या पॅन्टवर पांढऱ्या नॅपकिनचा कापूस चिकटतो, आणि उठल्यावर मांजर मांडीवर बसून गेल्यासारखं दिसतं. काही चांगल्या रेस्टॉरंटांत मागितलं तर काळा नॅपकिन देतात. मागून बघा, वेटरच्या डोळ्यांत तुमची किंमत वाढते.

काही सांडलंच तर घासू नका. घासल्याने डाग कापडात खोल जातो. कोरड्या नॅपकिनने वरच्यावर टिपा. सुती शर्टावर थोडं पाणी चालेल, रेशमावर अजिबात नको, पाण्याचाच वेगळा डाग उठतो. घरी गेल्यावर तेलाच्या डागावर टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. इस्त्री मात्र फिरवू नका, उष्णतेने डाग पक्का बसतो. एक-दोन दिवसांत ड्रायक्लीनरकडे द्या आणि काय सांडलं ते खरं सांगा. वाइन असेल तर वाइन सांगा. तो तुमच्या घरी कळवणार नाही.

आणि शिंप्याकडे आठ दिवस आधी या. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी सव्वासात वाजता, मी शटर अर्धं ओढलेलं असताना, एक काका-काकू आले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलाने शनिवारी रात्रीचं टेबल बुक केलं होतं. काकांच्या हातात लग्नात शिवलेला सूट, पिशवीत घडी करून. मी म्हटलं, काका, पंचवीस वर्षांचा सूट आणि चोवीस तास? काकू म्हणाल्या, "कोट राहू दे, पॅन्टचं तेवढं बघा." काकांनी पॅन्ट चढवली, श्वास रोखून हुक लावला. स्टुलावर बसवलं. काकू समोर उभ्या राहून म्हणाल्या, "आता घास घेतल्यासारखं वाका बघू." काका वाकले, आणि हुक सुटून उडाला तो थेट मशीनखाली. दोघंही हसत सुटली.

मी पॅन्ट उलटी केली. ज्या कोणी शिवली होती त्याने मागच्या शिवणीत चांगली दोन इंच माया ठेवली होती. आतलं कापड अजून नव्यासारखं काळं होतं, बाहेरचं जरा फिकटलं होतं. शिवणीच्या दोन्ही बाजूंना बारीक गडद रेघ दिसेल, असं मी सांगून टाकलं. "कोटाखाली कोण बघतंय," काकू म्हणाल्या. नऊ वाजता पॅन्ट तयार झाली. काका परत एकदा स्टुलावर बसले, वाकले, आणि स्वतःहूनच दुसऱ्यांदा वाकले.